चिमाच्या गोठ्यामागची जागा

तेजस्वी: अप्पा, तो नारळ खाली ठेवा. आधी माझं ऐका, मग हवं तर जा.

धाकू: ऐकतोच हाय गो कधीचा. चहा तरी घेतलास काय? रत्नागिरीहून पहिल्या एसटीने धावत आलीस, पोटात काय नाय, नि आल्याआल्या बापाला शिकवायला बसलीस.

नितेश: काका, टाइम बघा. बोरची गाडी पाली सोडून पुढे आली, वाडीचं काम बघणाऱ्या विठूदादाचा मेसेज आहे. वरच्या वाडीत गाडीच्या आधी पोचायला हवं. गाडी वरच्या उघड्या कातळावर, सड्यावर चढताना शॉट मस्त मिळतो.

तेजस्वी: तू गप रे नितेश. हे सगळं तुझ्यामुळे झालंय.

नितेश: माझ्यामुळे? आईशप्पथ, मी काय केलं? माझं चॅनेल आहे, मी बातमी केली.

तेजस्वी: बातमी! 'धाकूकाकांच्या नारळापुढे विज्ञान हरलं.' आणि खाली काय, तर 'अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनीही केलं मान्य.' कुठले शास्त्रज्ञ? एकाचं नाव सांग.

धाकू: हां, ते मी पण विचारणार होतो. मला तर कोण अमेरिकेचा भेटला नाय. एक लांबचा आलेला, तो कोल्हापूरकडचा होता, ऊसवाला.

नितेश: ते नेटवर होतं ताई. कुणीतरी लिहिलेलं, मी उचललं. आणि नीट बघ, शेवटी प्रश्नचिन्ह टाकलंय. प्रश्नचिन्ह असलं की ती माझी बातमी नाही, मी फक्त विचारतोय.

तेजस्वी: वा! म्हणजे दुसऱ्याच्या घराला काडी लावायची आणि विचारायचं, आग लागली का?

धाकू: तेजू, पोराला कशाला बोलतेस? त्याने माझं नाव केलं. मुंबईत भायखळ्यापासून विरारपर्यंत लोकांनी बघितलं. वाडीचं मुंबई मंडळ काय उगाच तयार झालं? त्यांनी बघितलं नि बोलले, धाकू पाणाड्या बोट ठेवील तिथंच भोक पाडायचं.

तेजस्वी: तेच तर! भूजल खात्याच्या लोकांनी गेल्या महिन्यात यंत्र लावून सांगितलं होतं, खाली मळ्यात, वहाळाच्या काठाला बघा. सगळी वाडी हो म्हणाली होती. मग हा व्हिडिओ आला आणि मुंबईकर म्हणाले, मळ्यात कशाला, धाकूकाकांच्या हातातला नारळ सड्यावर उभा राहिलाय, पाणी तिथेच. अप्पा, मंडळाची वर्गणी एकदाच झाली. हे भोक कोरडं गेलं तर दुसरं कोण पाडणार? वाडी वर्षानुवर्षं घाटी चढत राहणार.

धाकू: कोरडं का जाईल?

तेजस्वी: कारण तो सडा आहे. सगळा जांभा, चाळणीसारखा. पावसाचं पाणी वर थांबतच नाही, झिरपून पायथ्याला निघतं. म्हणून तर झरा खाली आहे आणि बायका हंडे घेऊन घाटी चढतात.

धाकू: हे पुस्तकातलं मला नको सांगू. तू दगडाचं शिकायला गेलीस ती कुणामुळे? एवढीशी होतीस, माझ्या मागून कातळ तुडवत फिरायचीस. आता कॉलेजात पोरांना शिकवतेस नि बापाचं खोटं. पिकतं तिथं विकत नाय बोलतात ते हेच.

तेजस्वी: तुम्ही खोटं बोलता असं मी कधी म्हटलं? तुम्ही मनापासून करता, मला ठाऊक आहे. म्हणून तर भीती वाटते. लबाड असतात ते पैसे घेऊन पळतात. तुम्ही कुठे पळणार?

नितेश: पण ताई, रिझल्ट आहेत ना? मी स्वतः तीन घरं फिरलो. पाणीच पाणी. एका आजीने तर माझ्या कॅमेऱ्यावर पाणी उडवलं.

तेजस्वी: आणि भागोजीच्या बागेत गेलास?

नितेश: कोण भागोजी?

तेजस्वी: सांगा अप्पा, कोण भागोजी ते.

धाकू: ते जाऊ दे.

तेजस्वी: का जाऊ दे? त्याचा बोर कोरडा गेला. धूळ उडाली नुसती. कलमं लावलेली वाळून गेली. आणि शाळेच्या मागचा बोर?

धाकू: भागोजीच्या जागेचं राहिलं होतं काहीतरी. तिथल्या राखणदार देवाला मान दिला नव्हता त्याने. मी बोललो होतो, गाऱ्हाणं घाल. शाळेच्या इथं गाडीवाल्याने जागा हलवली, हातभर इकडं घेतली.

तेजस्वी: बघ नितेश, हे बघ. पाणी लागलं तर नारळाचं, नाही लागलं तर जागेवाल्याचं. काहीही झालं तरी नारळ बरोबरच. मग तो चुकतो कधी? जी गोष्ट कधी चुकूच शकत नाही, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

नितेश: पण मी कोरड्या बोरचा व्हिडिओ काय करणार? खड्डा दाखवू? कोण बघणार?

तेजस्वी: कोणी नाही. म्हणूनच सगळ्यांना वाटतं की कोरडे गेलेच नाहीत.

धाकू: नि जिथं लागलं तिथलं काय? ते पण खोटं?

तेजस्वी: खरं आहे. पण ती सगळी घरं खाली, वहाळाच्या बाजूला, अप्पा. तिथे कुठेही खणलं तरी पाणी लागतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

धाकू: माझ्या हातात नारळ उभा राहतो, ते मी बघतो ना डोळ्यांनी! आडवा ठेवतो तळहातावर, चालतो, नि पाण्यावर आलो की आपोआप उभा होतो. मी काय ढकलतो त्याला?

तेजस्वी: मुद्दाम नाही ढकलत. हात ढकलतो, तुम्हाला कळत नाही.

धाकू: हात माझा नि मला कळत नाय? काय बोलतेस काय तू?

नितेश: ताई, विठूदादाचा परत फोन. उचलू? ... हां दादा, निघतोच. काका तयार आहेत. ... हो हो, गाडी येऊ दे. ... काका, गाडी घाटीच्या तोंडाशी आलीये म्हणे. चला.

तेजस्वी: अप्पा, एकच मागते. ह्या खळ्यात, इथल्या इथे अंगणातच. डोळे बांधून करून दाखवा. तुळशीच्या बाजूला जमिनीखाली झरा आहे, असं तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात. डोळे बांधून तो सापडला तर मी तुमच्याबरोबर सड्यावर येते, आणि नितेशच्या कॅमेऱ्यासमोर सांगते की मी चुकले.

नितेश: एक नंबर! काका, हे लाइव्ह करू. मुलगी विरुद्ध बाप!

तेजस्वी: लाइव्ह नाही. घ्यायचं तर साधं घे.

धाकू: घेऊ दे गो. डोळे बांधून काय, झोपेत पण सांगेन. चाळीस पावसाळे झाले ह्या हाताला. आधी उघड्या डोळ्यांनी करतो, मग बांध. ... हे बघ. चाललो. ... अजून आडवा हाय. ... आता बघ, बघ, बघ! उभा राहिला काय?

नितेश: राहिला! ताई, माझ्या समोर राहिला. काटा आला अंगावर.

तेजस्वी: तुझं हेल्मेट ठेव तिथे, खूण म्हणून. आता अप्पा, टॉवेल द्या.

(तेजस्वी धाकूच्या डोळ्यांवर टॉवेल बांधते, त्याला खळ्यात गोल फिरवते, मग कोपर धरून चालवू लागते. नितेश मोबाइल धरून उभा.)

धाकू: घट्ट बांधलास गो. मोतीबिंदू काढतेस काय?

तेजस्वी: चाला. मी बोलणार नाही. नितेश, तू पण तोंड बंद ठेव.

धाकू: चाललोय. ... नाय. ... नाय अजून. ... हां. आला. आला बघ, उठतोय. उभा! तुळशीजवळ ना?

तेजस्वी: नितेश, सांग.

नितेश: काका... खुराड्याजवळ.

धाकू: कुठं?

नितेश: कोंबड्यांच्या खुराड्याजवळ. हेल्मेट तिकडे राहिलं, त्या टोकाला.

धाकू: मग इथून पण शीर जात असेल. झऱ्याला फाटे असतात.

तेजस्वी: असतील. मग आता परत चालू. ... चला, सावकाश.

धाकू: काय नाय. ... काय नाय. ... काय नाय गो. किती चालवतेस?

तेजस्वी: थांबा. नितेश, अप्पांचा पाय कुठे आहे?

नितेश: हेल्मेटला लागलाय.

धाकू: काय?

नितेश: खरंच काका. तुमचा अंगठा हेल्मेटला टेकलाय. तुम्ही बरोबर त्याच जागेवर आहात. नारळ आडवा आहे.

धाकू: मन लागत नाय माझं. हिने डोक्यात किडा सोडला. टॉवेल नको, तो फडफडतोय. नारळ बदल, तो दुसरा दे, सोललेला.

तेजस्वी: घ्या. हवा तो घ्या.

धाकू: नि तू कोपर सोड माझा. तुझा हात लागतो म्हणून बिघडतंय. नितेश, तू धर. नुसता ठेच लागणार नाय एवढं बघ.

नितेश: धरलं काका. टेन्शन घेऊ नका. देवाचं नाव घ्या.

धाकू: नाव घेऊनच चाललोय. ... ... आता. आता लागलं. बघ कसा उठला! हे खरं. हा खरा झटका होता. सांग, कुठं हाय?

नितेश: काका, राहू दे ना आता.

धाकू: अरे मेल्या बोल ना!

नितेश: लाकडांच्या ढिगाशी आहात काका. न्हाणीच्या मागे.

तेजस्वी: अप्पा, टॉवेल सोडू?

धाकू: नको. परत.

तेजस्वी: पुरे आता.

धाकू: परत बोललो ना! परत ने मला. तुळशीकडे ने, सांगून ने, बघू उठतो काय.

तेजस्वी: सांगून नेलं की उठेल, अप्पा. तेच तर मी म्हणतेय.

धाकू: सोड टॉवेल. ... ऊन किती झालं. पाणी दे मला.

नितेश: हे घ्या काका. बसा, पायरीवर बसा. असं कधी कधी होतं. आज दिवस बरोबर नसेल. अमावास्या जवळ आहे.

धाकू: नाचता येईना अंगण वाकडं. हेच बोलत आलो ना मी सगळ्यांना? भागोजीला पण हेच बोललो. राखणदार, अमावास्या, गाडीवाला. तो बिचारा ऐकून घेत होता. वर मला नमस्कार केला होता त्याने.

तेजस्वी: अप्पा, तुम्ही फसवलं नाहीत कुणाला. खाली जिथे जिथे पाणी लागलं, तिथे तुमचे डोळे काम करत होते. उंबर दिसतो, वारूळ दिसतं, चैत्रातही हिरवा राहिलेला पट्टा दिसतो. तुम्ही न बोलता ते बघता, आणि हात त्याच्यामागून जातो.

धाकू: उंबराखाली पाणी असतं हे कोण पण सांगेल. शेंबडं पोर सांगेल. त्याला धाकू कशाला हवा?

तेजस्वी: तसं नाही हो...

धाकू: तसंच हाय. गोड नको बोलू. माझा बाप असाच नारळ धरून फिरला, त्याने माझ्या हातात दिला. मला वाटायचं, देवाने आमच्या घरात दिलंय काहीतरी. आमच्याकडे दुसरं होतं काय? शेत तेवढंसं, शिक्षण नाय. एवढं एकच होतं, की लोक दारात येऊन बोलायचे, धाकू, चल.

नितेश: काका, मी हे रेकॉर्डिंग उडवतो. कुणाला कळायचं नाही. चला आपण जाऊ, जागा तर आधीच दाखवलीये तुम्ही. लागलं तर लागलं. ताई, लागू पण शकतं ना?

तेजस्वी: शकतं. शक्यता फार कमी, पण शकतं.

नितेश: मग? चान्स घ्यायला काय जातं?

तेजस्वी: तुझं काय जातं? गेलं तर वाडीचं जाईल. अप्पा, मला एक सांगा. सड्यावर ना उंबर, ना वारूळ, ना हिरवं पान. उघडा कातळ. तिथे नारळ नेमका चिमाआत्तेच्या गोठ्यामागेच का उभा राहिला?

धाकू: राहिला तो राहिला.

तेजस्वी: त्या दिवशी सुरुवात कुठून केलीत?

धाकू: चिमाच्या पडवीतून. ती बाहेर आली होती, काठी टेकत. घाटीत हंडा घेऊन पडली तेव्हापासून तिचा पाय सरळ होत नाय. डॉक्टर बोलला वजन उचलू नको. मग पाणी कोण आणणार? सून आणते, सून दोन जिवांची. चिमा मला बोलली...

तेजस्वी: काय बोलली?

धाकू: बोलली, दादा, माझ्या दाराशी लागू दे रे पाणी. मरायच्या आधी एकदा दाराशी हंडा भरू दे.

तेजस्वी: आणि मग?

धाकू: मग मी चाललो. पडवी उतरलो, गोठ्याला वळसा घातला. ... नि तो उभा राहिला.

नितेश: मी ते शूट केलंय. आजी रडत होती. तोच भाग सगळ्यात जास्त चालला.

धाकू: मलाच हवं होतं गो ते. तेजू, मलाच हवं होतं. माझी बहीण लंगडत माझ्यासमोर उभी, नि मी काय सांगणार, तुझ्या दारात नाय, लांब हाय? पाण्याला नाय उभा राहिला तो. तिच्यासाठी राहिला.

तेजस्वी: अप्पा, रडू नका ना. मला पण तिच्याच दारात हवंय.

धाकू: मग तुझ्या त्या यंत्रवाल्यांचं बरोबर येईल? मळ्यात नक्की लागेल?

तेजस्वी: नक्की नाही. तिथे जास्त शक्यता आहे, एवढंच. त्यांचंही चुकतं. पण चुकलं की ते चुकलं म्हणतात, राखणदारावर नाही ढकलत. मग पुढच्या वेळी थोडं कमी चुकतं.

नितेश: परत फोन, काका. विठूदादा. काय सांगू? गाडी वर पोचली असणार.

धाकू: नको उचलू. चिमाला लाव. आधी तिला सांगतो. तिच्यामुळे झालं, तिलाच आधी कळू दे. नि तुझं ते रेकॉर्डिंग उडवायचं नाय. पुरं दाखव, खुराड्यासकट.

नितेश: काका, लोक हसतील तुम्हाला. कमेंट वाचायला लाज वाटेल.

धाकू: हसू दे. भागोजी हसला तर बरं वाटेल मला. अमेरिकावाल्यांचं काढ तेवढं. आता लाव फोन, स्पीकरवर टाक, मला कमी ऐकू येतं.

चिमा: दादा? अरे कुठं राहिलास? गाडी येऊन उभी हाय दारात. एवढी मोठी! गोठ्यातलं वासरू बुजलं. मी आख्ख्या वाडीला चहा केला.

धाकू: चिमा, ऐक. विठूला सांग, मशीन लावू नको. मी येईपर्यंत एक भोक पाडायचं नाय.

चिमा: का रे? मुहूर्त चुकला?

धाकू: मी चुकलो.

चिमा: म्हणजे? तिथं पाणी नाय?

धाकू: मला माहीत नाय.

चिमा: तुला माहीत नाय? तू तर नारळ...

धाकू: नारळाला पण माहीत नाय. त्या दिवशी पण नव्हतं. तुझा पाय बघितला, नि तुझ्या दारात लागावं असं वाटलं मला. तेवढंच खरं होतं, बाकी काय नाय. भोक कोरडं जाईल चिमा, नि मग वाडीला कुठलंच पाणी मिळायचं नाय.

तेजस्वी: आत्ते, मी तेजू बोलतेय. खाली मळ्यात बघूया. तिथे लागलं तर पंप लावून वर चढवता येईल. वेळ जाईल थोडा. आणि तिथेही लागेलच असं मी छातीठोक नाही सांगू शकत.

चिमा: म्हणजे कुणालाच माहीत नाय.

तेजस्वी: नाही, आत्ते.

चिमा: विठू ऐकायचा नाय. चारचौघांत शिव्या घालील तुझ्या बाबाला. मुंबईहून पण दोघं आलेत गाडीबरोबर.

धाकू: घालू दे. मी येतो, सगळ्यांच्या समोर सांगतो. तू फक्त तोवर गाडीच्या पुढ्यात जाऊन बस. तुला कोण उठवणार नाय.

चिमा: बसते. ... दादा?

धाकू: काय गो?

चिमा: दुपार होईल तुला यायला. जेवायला इथंच ये. मी सुनेला सांगते, घागर घे बाय, आज पण खालीच जायचंय.